गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतील पायांची सूज : पहिलटकरणींसाठी मार्गदर्शन

सातवा महिना सरून आठवा लागला की अनेक जणींना संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतू लागतो, घोट्याचे हाड दिसेनासे होते आणि पायमोजा काढल्यावर त्याच्या रबराचा वळ बराच वेळ पोटरीवर राहतो. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या बायका ‘दिवस भरत आले की पाय सुजायचेच’ असे सांगून धीर देतात. बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरे ठरते, कारण शेवटच्या तिमाहीत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या पायांना थोडीफार सूज येतेच. परंतु वाढलेला रक्तदाब, पायातील शिरेत झालेली रक्ताची गुठळी किंवा तीव्र रक्तक्षय यांचीही सुरुवात कधीकधी अशाच सुजेने होते, आणि केवळ पायांकडे पाहून हा फरक घरच्या घरी नेहमीच ओळखता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात क्रम ठरवून घेतला आहे : आधी सुजेची ओळख, मग रक्तदाब व लघवीची तपासणी, आणि त्यानंतर घरगुती उपाय. हा क्रम उलटा करू नये अशी कळकळीची विनंती आहे, कारण पाय उशीवर ठेवून सूज ओसरण्याची वाट पाहण्यात गेलेला एखादा दिवस काही जणींच्या बाबतीत फार महागात पडतो.

सूज का येते

गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण नेहमीपेक्षा साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि एकूण पाण्याचा साठा ६ ते ८ लिटरने वाढतो. यातील बराचसा भाग बाळ, वार, गर्भजल आणि वाढलेले रक्त यांत असतो, तर उरलेला ऊतींमध्ये साठून राहतो. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव सोसण्याची शरीराची ही पूर्वतयारीच असते. रक्तातील पाण्याचा अंश वाढल्यामुळे अल्ब्युमिन हे प्रथिन विरळ होते. रक्तवाहिन्यांमध्ये पाणी धरून ठेवण्याचे काम या प्रथिनाकडे असल्याने थोडे पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते आणि दिवसभर उभे राहिल्यावर किंवा पाय लोंबते ठेवून बसल्यावर ते खाली उतरून घोट्यांपाशी साचते. त्यातच वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील शिरांवर आणि पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेवर दाब देते, त्यामुळे रक्ताचा परतीचा प्रवास मंदावतो. ही महाशीर मणक्याच्या उजव्या अंगाने वर जाते. डाव्या कुशीवर झोपण्याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो त्यामागे हेच कारण आहे, कारण त्या स्थितीत गर्भाशयाचा भार शिरेवरून बाजूला सरकतो.

उन्हाळ्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दिवस भरत आलेल्या स्त्रियांना सुजेचा त्रास अधिक जाणवतो. जुळी बाळे असल्यास किंवा उभे राहण्याचे काम असल्यास तो आणखी वाढतो.

पहिली पायरी : आपली सूज ओळखून तिची नोंद ठेवणे

साध्या सुजेला दिवसाचा एक ठराविक क्रम असतो. सकाळी अंथरुणातून उठताना ती नसते किंवा अगदी कमी असते, दुपारनंतर वाढू लागते आणि संध्याकाळी सर्वांत जास्त दिसते. रात्रीच्या झोपेनंतर पुन्हा उतरते. ती दोन्ही पायांना जवळपास सारखी असते. काही जणींचा डावा पाय किंचित अधिक सुजतो, कारण उजव्या पायाकडे जाणारी धमनी ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून आडवी जाते. साध्या सुजेत पाय जड वाटतात आणि कातडी ताणल्यासारखी होते, पण ठणका नसतो.

ही ओळख पटण्यासाठी सलग चार-पाच दिवस दोन वेळा पाय पाहावेत, एकदा सकाळी पलंगावरून खाली उतरण्यापूर्वी आणि एकदा रात्री झोपताना. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडे वर, अंगठ्याने पाच-सहा सेकंद दाबून धरावे आणि मग बोट काढावे. तेथे खळगा पडत असेल तर पाणी साचले आहे असे समजावे. तो खळगा किती खोल आहे आणि भरून यायला किती वेळ लागतो हे लक्षात ठेवावे. शिवणकामाची टेप घरात असल्यास घोट्याचा आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर दोन्ही पायांवर मोजून वहीत लिहावा. पोट वाढल्यामुळे स्वतःला वाकता येत नसेल तर हे काम पतीने, आईने किंवा सासूबाईंनी करावे. हे मोजमाप काही जणींना अनावश्यक वाटेल, परंतु डॉक्टरांनी ‘सूज कधीपासून आणि किती वाढली’ असे विचारल्यावर ‘बरीच वाढली’ या उत्तरापेक्षा वहीतील आकडे कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

त्याच वहीत आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर आणि शक्यतो सकाळी, वजन लिहावे. शेवटच्या तिमाहीत आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन वाढणे अपेक्षित असते. दोन-चार दिवसांत एक-दोन किलो वजन वाढले तर ते शरीरात झपाट्याने साठणारे पाणी असू शकते, आणि त्या वेळी पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता रक्तदाब मोजून घ्यावा.

दुसरी पायरी : रक्तदाब आणि लघवीची तपासणी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि म्हणून तो थोडा विस्ताराने लिहिला आहे. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो आणि त्याबरोबर मूत्रपिंड, यकृत, मेंदू किंवा वार यांच्या कार्यावर परिणाम होऊ लागतो. या विकाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यात बहुतेक वेळा लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात. वेळीच लक्ष न दिल्यास आईला झटके येऊ शकतात आणि बाळाची वाढ खुंटू शकते. या विकाराचे वैशिष्ट्य असे की सुरुवातीला बाईला काहीही त्रास होत नाही, ती नेहमीप्रमाणे घरकाम करत असते आणि तिचा रक्तदाब मात्र वाढत असतो. उलट, काही जणींच्या पायांना भरपूर सूज असूनही रक्तदाब पूर्णपणे सामान्य असतो. पूर्वी सूज हा या विकाराच्या निदानाचा एक निकष मानला जात असे. आता तो मानला जात नाही, कारण सूज निरोगी गरोदर स्त्रियांमध्येही सर्रास आढळते. सुजेवरून विकार ठरत नाही आणि सूज नसल्याने तो टळलाही असे म्हणता येत नाही. निर्णय रक्तदाबाच्या आकड्यावर आणि तपासण्यांवरच होतो.

वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा ९० किंवा त्याहून अधिक आला तर तो वाढलेला रक्तदाब समजला जातो आणि काही तासांनी पुन्हा मोजून त्याची खात्री केली जाते. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला असेल तर ती तातडीची स्थिती असते. अशा वेळी त्याच तासाला रुग्णालय गाठावे, सकाळपर्यंत थांबू नये. पहिल्या वेळचे गरोदरपण, जुळी बाळे, आधीपासूनचा रक्तदाब किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, वाढलेले वजन, आधीच्या बाळंतपणात झालेला हाच त्रास किंवा आई-बहिणीला झालेला त्रास असेल तर धोका अधिक असतो, आणि ही माहिती पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असल्यास दंडाला पट्टा बांधण्याचे यंत्र वापरावे, मनगटावरचे तितके विश्वासार्ह नसते. मोजण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे, अर्धा तास आधी चहा-कॉफी घेऊ नये आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर सपाट असावेत, एक पाय दुसऱ्यावर घेतलेला नसावा आणि हात छातीच्या पातळीवर टेबलावर विसावलेला असावा. मोजताना बोलू नये. हे यंत्र एकदा दवाखान्यात नेऊन तेथील आकड्याशी ताडून घ्यावे, कारण काही स्वयंचलित यंत्रे प्री-एक्लॅम्प्सियामध्ये खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. लघवीचा नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी; अंगावरून जाणारे पाणी नमुन्यात मिसळले तर प्रथिनांचा अहवाल चुकीचा येऊ शकतो आणि विनाकारण काळजी लागते.

ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनी अडून राहण्याचे कारण नाही. उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय येथे रक्तदाब, वजन, लघवी आणि हिमोग्लोबिन या तपासण्या मोफत होतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी केली जाते. आशाताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास त्या सोबत येतात. मात्र सूज अचानक वाढली असेल तर ९ तारखेची वाट पाहू नये.

तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडाही नीट पाहून घ्यावा. गरोदरपणात ते ११ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात आणि ७ च्या खाली गेल्यास तो तीव्र मानला जातो. तीव्र रक्तक्षयात हृदयावर ताण येऊन पायांना व चेहऱ्याला सूज येते आणि थोडे चालले तरी धाप लागते. आपल्याकडे ‘थकवा तर येणारच’ असे म्हणून हे लक्षण फार सहज सोडून दिले जाते, याचे मनापासून वाईट वाटते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, पण दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही. दोहोंमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा टाळावा. ज्यांना रक्तदाबासाठी निफेडिपिन हे औषध सुरू आहे त्यांच्या घोट्यांना त्या औषधामुळेही सूज येऊ शकते. तसे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

ज्या खुणा दिसताच रुग्णालयात जावे

सूज चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती किंवा हातांवर आली आणि एक-दोन दिवसांतच वाढली. सकाळी उठल्यावरही ती उतरली नाही. डोके सतत ठणकत राहिले आणि नेहमीच्या गोळीने थांबले नाही. डोळ्यांसमोर अंधारी, काजवे किंवा ठिपके दिसू लागले. बरगडीच्या खाली, विशेषतः उजव्या बाजूला, दुखू लागले. या दिवसांत अचानक उलट्या सुरू झाल्या. लघवी फार कमी होऊ लागली. किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर यांपैकी एकही खूण पुरेशी आहे, सगळ्या एकत्र येण्याची वाट पाहू नये. बरगडीखालचे दुखणे अनेकदा ‘पित्त झाले’ म्हणून सोडून दिले जाते. आठव्या-नवव्या महिन्यात रक्तदाब मोजल्याशिवाय त्याला पित्त म्हणू नये.

दुसरी वेगळी खूण म्हणजे एकाच पायाची सूज. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जाड झाला असेल, पोटरी किंवा मांडी दुखत असेल, तेथे हात लावल्यावर ऊन लागत असेल किंवा कातडी लालसर झाली असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शंका घ्यावी. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि अशा गुठळ्या बहुतेक वेळा डाव्या पायात होतात. डावा पाय किंचित अधिक सुजू शकतो असे वर म्हटले आहे, पण त्यात दुखणे असेल किंवा फरक सहज डोळ्यांत भरत असेल तर त्याला साधी सूज समजू नये. पोटरीत रात्री गोळे येतात ते निराळे असतात : ते काही मिनिटे राहतात आणि पायाची बोटे स्वतःकडे ओढून पोटरी ताणली की सुटतात. गुठळीचे दुखणे मात्र टिकून राहते आणि चालताना वाढते. असा पाय कोणाकडूनही चोळून घेऊ नये. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेल्यास अचानक धाप लागते, छातीत दुखते, कधी खोकल्यातून रक्त पडते. अशा वेळी, तसेच झटका आल्यास, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरी पायरी : आराम मिळवण्याचे उपाय

रक्तदाब आणि लघवी ठीक असल्याचे कळले की मन निश्चिंत होते आणि उपाय नेमाने करता येतात. सूज पूर्णपणे नाहीशी होण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. ती आटोक्यात राहावी आणि रात्री झोप लागावी एवढा उद्देश ठेवल्यास निराशा होत नाही.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पाय उंच ठेवून आडवे होणे. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी १५ ते २० मिनिटे, डाव्या कुशीवर झोपावे, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्यावी आणि पावलांखाली दुसरी उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवावी. पाठीवर सपाट झोपून पाय भिंतीला लावण्याची पद्धत शेवटच्या महिन्यांत टाळावी, कारण त्यात गर्भाशयाचा सगळा भार महाशिरेवर येतो आणि चक्कर येऊ शकते. २८ आठवड्यांनंतर रात्री झोपतानाही कुशीवरच झोपावे. डाव्या कुशीने अंग अवघडले तर उजवीकडे वळण्यास हरकत नाही, आणि जाग आल्यावर आपण पाठीवर असल्याचे आढळले तर न घाबरता कूस बदलावी. रात्री पायांकडची बाजू थोडी उंच हवी असल्यास गादीखाली पायांच्या टोकाला दुमडलेली चादर घालावी. छातीत जळजळ होणाऱ्या स्त्रियांनी मात्र आधी डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, कारण तो त्रास अधिक झोप मोडतो.

बसताना पाय लोंबते ठेवू नयेत. खुर्चीसमोर लाकडी पाट किंवा छोटे स्टूल ठेवून त्यावर पाय टेकवावेत. मांडी घालून बराच वेळ बसल्यास गुडघ्यामागच्या शिरा दाबल्या जातात. जेवणापुरते बसणे चालेल, पण डोहाळजेवणासारख्या समारंभात दोन तास पाटावर बसवले जात असेल तर मध्ये उठून चार पावले चालण्याची मुभा आधीच मागून घ्यावी. ओट्यापाशी स्वयंपाक करताना एक पाय आलटून पालटून छोट्या पाटावर ठेवावा आणि भाजी निवडणे, पोळ्या लाटणे ही कामे बसून करावीत. हे घरातील इतरांना सांगताना अनेक सुनांना संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा, आणि घरातल्यांनीही बाईने मागण्याची वाट न पाहता स्टूल आणून ठेवावे.

पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात. ते आकुंचन पावले की शिरांतील रक्त वर ढकलले जाते, म्हणून संपूर्ण विश्रांतीपेक्षा चालणे आणि विश्रांती यांची आलटून पालटून सांगड घालणे चांगले. सकाळी व संध्याकाळी ऊन नसताना १५ ते २० मिनिटे सावकाश चालावे. बसल्या जागी प्रत्येक पाऊल ३० वेळा वर-खाली करावे, नंतर घोटा एका दिशेने ८ वेळा आणि उलट दिशेने ८ वेळा गोल फिरवावा. हा व्यायाम दूरदर्शनसमोर, बसमध्ये किंवा तपासणीच्या रांगेत बसूनही होतो. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली असल्यास चालणे त्यांना विचारूनच करावे, पावलांचा व्यायाम मात्र बहुधा पडून करण्यासही सांगितला जातो.

पाण्यात उभे राहिल्याने पाण्याचा दाब सर्व बाजूंनी पायांवर पडतो आणि ऊतींतील पाणी रक्तात परत जाण्यास मदत होते. जवळ सुरक्षित तरणतलाव असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर छातीपर्यंतच्या पाण्यात चालणे हा उत्तम उपाय आहे. ते शक्य नसल्यास बादलीत किंवा टबात साधे गार पाणी घेऊन १५-२० मिनिटे पाय बुडवावेत; बर्फ घालू नये. कढत पाण्यात मीठ टाकून पाय शेकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु उष्णतेने रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात आणि मधुमेह असलेल्या स्त्रीला चटका बसल्याचे चटकन कळतही नाही. कोमट पाण्याने बरे वाटत असेल तर त्यात वावगे नाही, मिठाने मात्र सूज ओढली जात नाही. तेल लावून मालिश करायची असल्यास हलक्या हाताने, पावलाकडून गुडघ्याकडे, दोन्ही पाय सारखे असतील तेव्हाच करावी.

दाब देणारे लांब पायमोजे डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावेत. ते विकत घेताना घोट्याचे व पोटरीचे माप सकाळी, सूज नसताना घ्यावे आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच ते चढवावेत. एकदा पाय सुजल्यावर घातल्यास त्यांचा फायदा कमी होतो आणि ते चढवणेही अवघड जाते. वरचा काठ दुमडू नये, कारण दुमडलेला काठ दोरीसारखा आवळतो. मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात दिवसभर असे मोजे घालणे खरोखर जड जाते. तेथे प्रवासाच्या किंवा उभे राहण्याच्या तासांपुरते ते वापरले तरी उपयोग होतो.

मीठ, पाणी आणि आहार

सूज दिसताच ‘मीठ बंद कर आणि पाणी कमी पी’ हा सल्ला पहिलटकरणीला हमखास मिळतो. दोन्ही गोष्टी करू नयेत. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरत नाही. उलट बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग आणि उन्हाळ्यात चक्कर असे त्रास वाढतात. लघवी फिकट पिवळी राहील इतके, साधारणपणे दिवसाला अडीच-तीन लिटर, पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. जेवणातील नेहमीचे मीठ सोडण्याची गरज नाही, पण निरोगी प्रौढ व्यक्तीसाठीही दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, इतकीच आहे, आणि पापड, लोणचे, फरसाण, वेफर, खारवलेली मासळी, पाकिटातील नूडल्स यांतून ती कधी ओलांडली जाते हे कळतही नाही. या पदार्थांचे प्रमाण कमी करावे. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने घ्यावीत.

सूज उतरवण्यासाठी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या साध्या सुजेत देत नाहीत. त्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणणे धोक्याचे आहे. घेटुळीचा म्हणजे पुनर्नव्याचा काढा, गोखरूचे चूर्ण अशी औषधेही ‘झाडपाल्याचीच तर आहेत’ या विश्वासाने सुरू करू नयेत. पाय दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेऊ नये. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला अपाय करू शकते.

दागिने, पादत्राणे आणि कपडे

अंगठ्या आणि जोडवी वेळेवर काढून ठेवणे ही लहान वाटणारी गोष्ट पुढे फार त्रासाची ठरू शकते. सकाळीसुद्धा अंगठी सहज फिरत नसेल तर ती त्याच दिवशी काढावी. हात किंवा पाय काही वेळ उंच धरून, गार पाण्यात बुडवून, नंतर साबण किंवा तेल लावून ती गोल फिरवत हळूहळू सरकवावी. जोर लावून ओढल्यास सूज वाढते आणि दागिना अधिकच अडकतो. बोट निळसर, गार किंवा बधिर होऊ लागले तर रुग्णालयात किंवा सोनाराकडे जाऊन तो कापून घ्यावा. जोडवी हे सौभाग्यलेणे असल्यामुळे काढताना मन धजावत नाही, ही भावना समजण्यासारखी आहे. ती देव्हाऱ्यात ठेवावीत आणि बाळंतपणानंतर पुन्हा घालावीत. अंगठी निघाल्यावरही रात्री बोटांना मुंग्या येत राहिल्या तर मनगटातील नस दबत असण्याची शक्यता असते, त्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, म्हणजे सुजलेल्या पायाचे माप मिळते. रुंद, मऊ तळ्याची, मागे पट्टा असलेली आणि पट्टे सैल-घट्ट करता येणारी चप्पल सर्वांत सोयीची असते. परकराची नाडी आणि सलवारीचा इलॅस्टिक पोटाखाली आवळून बांधू नये.

नोकरी, प्रवास आणि माहेरी जाणे

शिक्षिका, परिचारिका, दुकानातील विक्रेत्या, कारखान्यातील कामगार स्त्रिया यांना सलग उभे राहावे लागते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीचे जे सहा आठवडे, त्यांच्याही आधीच्या एका महिन्यात, तसेच त्या सहा आठवड्यांतही स्त्री रजेवर नसेल तर, तिने मागणी केल्यास तिला दीर्घकाळ उभे राहण्याचे किंवा कष्टाचे काम देता येत नाही, अशी तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आपल्याकडे आहे. ही मागणी लेखी करावी आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी.

बसच्या किंवा रेल्वेच्या लांबच्या प्रवासात दर तासाला उठून थोडे चालावे, ते शक्य नसल्यास पावलांचा व्यायाम करावा आणि शौचालयाच्या अडचणीमुळे पाणी पिणे बंद करू नये. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यानंतर माहेरी जाण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि नेमक्या याच काळात सूज सुरू होते. मात्र माहेरच्या डॉक्टरांना आधीचा रक्तदाब किती होता हे ठाऊक नसते. म्हणून तपासणीची संपूर्ण फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड आणि वर सांगितलेली वही सोबत न्यावी, आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तेथे नाव नोंदवून रक्तदाब मोजून घ्यावा.

बाळंतपणानंतर

प्रसूती होताच सूज उतरेल अशी समजूत असते, पण पहिल्या काही दिवसांत ती वाढलेलीही दिसते, विशेषतः सलाईन दिले असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर. साठलेले पाणी घाम आणि लघवी यांवाटे बाहेर पडू लागते आणि साधारण एक-दोन आठवड्यांत पाय पूर्ववत होतात. या काळात बाळंतिणीला पाणी कमी देण्याची प्रथा काही घरांत अजून आहे. दूध येण्यासाठी आणि लघवी साफ होण्यासाठी तिला तहानेनुसार पाणी मिळालेच पाहिजे.

रक्तदाबाचा धोका बाळाच्या जन्माबरोबर संपत नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब सर्वाधिक असू शकतो, आणि नेमकी त्याच वेळी बाई घरी आलेली असते व सर्वांचे लक्ष बाळाकडे असते. डोके दुखणे हे जागरणाचे किंवा भुलीच्या इंजेक्शनाचे समजून न बसता, डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा चेहऱ्याची सूज यांपैकी काहीही जाणवल्यास पुढचे सहा आठवडे प्रत्येक वेळी रक्तदाब मोजून घ्यावा. गुठळीचा धोकाही या सहा आठवड्यांत अधिक असतो, सिझेरियननंतर आणखी. म्हणून मालिशवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की दुखरी किंवा एकाच बाजूची सुजलेली पोटरी चोळायची नाही. आडवे पडल्यावर धाप लागत असेल, उशा वाढवून बसल्याशिवाय झोप येत नसेल, किंवा दोन आठवडे उलटूनही पायांची सूज जात नसेल, तर हृदय, मूत्रपिंड आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी, आणि त्या भेटीत बाळंतपणाची तारीख व गरोदरपणातील रक्तदाबाचे आकडे डॉक्टरांना आपणहून सांगावेत.